न लावलेल्या गांजाची वाटणी

समाधानने तो विनोद उपीट खाता खाता केला, आणि तोंडातला घास गिळून होईपर्यंत तो विनोद राहिला नव्हता.

रविवार होता आणि विहिरीचं शेत विकायचं होतं. म्हणजे ठरलं होतं सगळं, फक्त सह्या राहिल्या होत्या. एजंट श्रीधर साठेखत घेऊन शनिवार पेठेतून निघालासुद्धा होता. हिंजवडीतल्या या घराचं हे शेवटचं शेत, सव्वा एकर. बाकीची जमीन टप्प्याटप्प्यानं आयटी पार्काच्या पोटात गेली होती आणि तिच्या बदल्यात घराला चार मजले आले होते, दारात गाड्या आल्या होत्या, वरच्या दोन मजल्यांवर भाडं देणारी सॉफ्टवेअरवाली पोरं आली होती आणि हॉलमध्ये एक पियानो आला होता, जो कुणालाच वाजवता येत नव्हता आणि ज्यावर सध्या कांदे वाळत होते. उरलेला सव्वा एकर दोन काचेच्या इमारतींमध्ये दातात पालेभाजी अडकावी तसा अडकला होता. त्यात होतीही पालेभाजीच. शालनची मेथी, शालनची कोथिंबीर, बांधावर शालनचा शेवगा.

शालन म्हणजे घरातले कर्ते बाबुराव, त्यांच्या धाकट्या भावाची, रंगनाथची बायको. रंगनाथ जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्याच्या वाट्यावर तिची आणि तिच्या मुलाची, समाधानची, सही लागणार होती. तिला कुणी विचारलं नव्हतं असं नाही. सकाळी बाबुरावांनी विचारलं होतं, "शालन, तुझा चष्मा कुठंय? सहीच्या वक्ताला शोधत बसशील."

शेत विकू नये असं तिला वाटतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रिजचं दार नीट लागत नाही हे जसं सगळ्यांना ठाऊक असतं, तसं. पण या घरात कुठल्याही गोष्टीला विरोध करायचा तर जास्त फायद्याची दुसरी गोष्ट पुढे ठेवावी लागे, आणि 'मला तिथं बरं वाटतं' यात फायदा कुठे होता? म्हणून ती गप्प होती. पदर डोक्यावर, हातात उलथनं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी.

आणि तेव्हा समाधान बोलला. दोन वर्षं डेन्व्हरला ऑनसाइट राहून तो नुकताच परत आला होता आणि घरातलं वातावरण जरा हलकं करायचं म्हणून तो काहीबाही सांगत होता. त्याचा चुलतभाऊ संजय, बाबुरावांचा मुलगा, याने विचारलं की तिकडे सध्या काय जोरात चालतं. समाधान म्हणाला, "गांजा. लीगल झालाय ना. मेडिकलसारखी दुकानं, बाहेर लाइन. आपल्याकडे झाला ना दादा, तर हिंजवडीत सव्वा एकर म्हणजे सोनं." आणि हसला.

एकटाच.

संजयने चमचा खाली ठेवला. संजयने चमचा खाली ठेवला की घरात नवा धंदा निघे. इमू पाळायच्या वेळी त्याने असाच चमचा ठेवला होता, आणि त्यानंतर ते दोन पायांचे उंट वर्षभर गच्चीवर फिरत होते आणि कंपनीच्या बसकडे बघून ओरडत होते. आता तर त्याच्याकडे कंपन्यांना पुरवलेल्या बारा कॅब होत्या. तो हळूच म्हणाला, "डिलिव्हरी आपलीच."

"काय आपली?" बाबुराव.

"आयटीची पोरं समोर, शेत समोर, गाड्या घरच्या. अण्णा, आज विकलं तर उद्या डोकं आपटाल."

बाबुरावांचा चेहरा लाल झाला. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, गळ्यात तुळशीची माळ होती, आणि देशी दारूचं दुकान गावाबाहेर घालवणाऱ्या मोर्चाच्या फोटोत ते मधोमध होते. ते बरंच बोलले. माळकऱ्याचं घर, पूर्वजांची पुण्याई, पोलीस, लोक काय म्हणतील, आणि पुन्हा पोलीस. पण बोलता बोलताच त्यांना आठवला देवळामागचा मठ, तिथला बैरागी, आणि आपण सोळा-सतरा वर्षांचे असताना त्याच्या चिलमीला विस्तव आणून देता देता मारलेला एकच दम. त्या दुपारी ते एका शेळीकडे बघून दिवस मावळेपर्यंत हसले होते. इतकं निर्मळ ते नंतर कधी हसल्याचं त्यांना आठवेना. तेव्हा त्याला कुणी ड्रग म्हणत नव्हतं. महाराजांचा प्रसाद म्हणत आणि पुढे जात. ही आठवण आल्यामुळे ते आणखीनच जोरात ओरडले.

आणि ओरडून झाल्यावर उंबऱ्यावरून आवाज आला.

"समाधान म्हनतोय त्यात वंगाळ काय हाय?"

शालन बोलली होती. गळ्यात तुळशीची माळ घालणारी, पोथीच्या दिवशी विडीचा वास आला तर पाहुण्याला अंगणात बसवणारी शालन. समाधानच्या हातून पेला निसटला.

शालनला गांजाबद्दल काडीचं ज्ञान नव्हतं. तिला एवढंच दिसलं होतं, की या विषयावर ही माणसं भांडतायत तोवर शेत जात नाही. तिने उलथनं ओट्यावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत खुर्ची ओढून बसली.

*

मग घराचे दोन पक्ष पडले. एका बाजूला संजय आणि शालन, आणि त्यांच्यामध्ये ओलीस धरल्यासारखा समाधान. दुसऱ्या बाजूला बाबुराव आणि त्यांची सून कल्याणी.

कल्याणी मूळची शनिवार पेठेतली. संजयशी प्रेमविवाह करून हिंजवडीत आली तेव्हा माहेरच्यांना वाटलं होतं पोर गावाला गेली. आता माहेरचे तिच्या गच्चीवरून दिसणारे दिवे बघायला येत. ती एका कंपनीत एचआरला होती आणि माणसांना कामावरून काढताना जो आवाज वापरायची तोच घरी वापरायची. शेताच्या पैशातून बाणेरला फ्लॅट घ्यायचा, स्वतःचं स्वयंपाकघर असलेला, हे तिने आणि संजयने ठरवलं होतं. निदान तिने तरी.

"अहो," ती संजयला म्हणाली, "कायद्याने बंदी असलेल्या पिकासाठी आपण विक्री थांबवतोय. हे मला फक्त एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं. झालं म्हणून."

तेवढ्यात तिची मुलगी सोनू मोबाइल घेऊन मैदानात उतरली. सोनू दहावीत होती, अभ्यास सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीत तिला रस होता. तिने कायदाच काढला. ऐका सगळे, असं म्हणून तिने जाहीर केलं की कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं आलेले शेंडे. नुसती पानं आणि बी गांजात येत नाहीत.

सगळे मोबाइलवर वाकले. बाबुरावसुद्धा.

"म्हंजे पाल्याला बंदी न्हाई?" शालनने विचारलं. पाल्यातलं तिला कळत होतं.

"नाही आजी. पण झाड लावायला बंदी आहे."

"पान झाडाबिगर यायला पायजे, असं म्हनतोय कायदा?" बाबुराव म्हणाले. तंटामुक्तीत त्यांनी बरेच चमत्कारिक दावे ऐकले होते, पण सरकारकडून असा पहिलाच.

"हेच तर बदलायचंय, अण्णा," संजय म्हणाला. "फूल यायच्या आत उपटायचं. मेथीसारखं."

"मेथीसारखंच," शालन घाईने म्हणाली.

इथे कल्याणीने वर बघितलं. 'मेथी' म्हणताना काकींचा आवाज जरासा कापला होता. राजीनामा द्यायला आलेला माणूस कारण काहीतरी भलतंच सांगतो, आणि खरं कारण एखाद्या शब्दावर अडखळतं, हे कल्याणीने केबिनमध्ये शंभरदा पाहिलं होतं. तिने काकींच्या हातांकडे बघितलं. नखांत माती होती. आज सह्यांचा दिवस असूनही पहाटे शेतात जाऊन आल्या होत्या. कल्याणीच्या मनात बाणेरच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर क्षणभर चमकलं, पांढऱ्या टाइल्ससकट. मग तिला ते बाळंतपण आठवलं, ज्यात तिची आई दोन दिवस राहून "तुमच्याकडे पाणी फार जड आहे बाई" म्हणत परत गेली होती आणि सोनूला पाच महिने अंघोळ या हातांनी घातली होती.

"मला वाटतं," ती एचआरच्या आवाजात म्हणाली, "प्रस्तावाचा नीट अभ्यास व्हायला हवा. घाईने सह्या नकोत."

बाबुरावांनी असं बघितलं की जणू स्वतःच्याच बाकावरच्या माणसाने पलीकडच्यांच्या बाजूने हात वर केला होता. संजय तर इतका खूश झाला की बाजारपेठेचा अभ्यास आत्ताच करतो म्हणून जिन्याने वर पळाला. तिसऱ्या मजल्याच्या मधोमध उभं राहून त्याने मोठ्या मोकळ्या मनानं विचारलं, की बाबांनो, तुमच्यापैकी गांजातलं कुणाकुणाला कळतं?

खाली आधी पावलांची धावपळ ऐकू आली. मग तिसऱ्या मजल्यावरचे सगळे फ्लश एकदम चालले. मग चौथ्या मजल्यावरचे. मग पुन्हा तिसऱ्या. पाइप असे घुमले की पियानोवरचे दोन कांदे गडगडत खाली आले, आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली. संजय परत आला तो काळजीत. कुणालाच काही माहीत नाही म्हणतात, तो म्हणाला, आणि इतकी सभ्य पोरं भाड्याने मिळाल्याचं त्याला बरंही वाटलं. शालनने टँकरवाल्याला फोन लावायला सांगितलं.

समाधान डोकं धरून बसला होता. त्याने तीनदा सांगून पाहिलं की मी गंमत करत होतो. पहिल्यांदा संजय म्हणाला, सगळ्या मोठ्या कंपन्या अशाच सुरू होतात. दुसऱ्यांदा बाबुराव म्हणाले, गंमत होती तर आधी सांगायचं. तिसऱ्यांदा तो आईकडे वळून बोलला आणि मधेच थांबला. आई त्याच्याकडे बघत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी बघायची तशी, फक्त हे जमू दे म्हणून.

तेव्हा त्याला कळलं. पोराला कळायला वेळ लागला, पण तो दोन वर्षं डेन्व्हरला होता.

"डेन्व्हरला," तो घसा साफ करून म्हणाला, "शेतकऱ्यांना फार मान असतो."

*

बाजारात तुरी म्हणतात, इथे तर बाजारही नव्हता. पण दुपार व्हायच्या आत कंपनी स्थापन झाली, आणि स्थापन होताच फुटायला लागली. संजयने स्वतःला चेअरमन केलं. यावर बाबुराव जितके उसळले तितके गांजाच्या विरोधातही उसळले नव्हते. आपला या पिकाला मरेपर्यंत विरोध राहील, ते म्हणाले, पण या घरात जर गांजा होणार असेल तर चेअरमन कोण हे विचारायची कुणाची टाप आहे? संजय म्हणाला, विरोध करणारा माणूस चेअरमन कसा होईल. बाबुराव म्हणाले, मी दूध सोसायटीचा होतो, मला दूध पचत नाही.

मग विहिरीचं पाणी आधी कुणाच्या वाफ्याला, यावर दोघे उभे राहिले. शेजारच्या कंपनीला भिंतीवरून वास गेला तर ती फुकट जाहिरात धरायची की चोरी, यावर सोनूने मतदान घेतलं. आपल्या वाट्याचा गांजा आपण वेगळा लावू, असं बाबुराव म्हणाले तेव्हा संजयचे डोळे भरून आले, कारण वेगळं व्हायची भाषा या घरात इमूच्या वेळीही झाली नव्हती.

अशात श्रीधर आला. पांढरा शर्ट, बगलेत फाइल, चेहऱ्यावर दुपारी एक ते चार कुणालाही ओळख न दाखवणाऱ्या माणसाचा भाव. तो दारात उभा राहून वाटणी पूर्ण ऐकत राहिला.

"आपलं चालू द्या," तो म्हणाला. "मी नुसताच इतक्या लांबून आलोय."

संजयने त्याला सगळं समजावून सांगितलं. आता भाव बदलणार, आता विक्रीच नाही. श्रीधर ऐकून म्हणाला, छान, पेढे देणार असाल तर थांबतो. मग तो अंगणात जाऊन बिल्डरशी फोनवर बोलला. शालनने खिडकीतून त्याची पाठ बघितली. पाठ आधी हसत होती. मग हसायची थांबली. मग ती सरळ झाली आणि बराच वेळ "हो साहेब, हो साहेब" करत राहिली.

श्रीधर आत आला तेव्हा त्याच्या बोलण्यातली आंबटपणाची धार गेली होती, आणि त्यामुळेच शालनने खिडकी सोडून पुन्हा खुर्ची धरली.

साहेबांना कल्पना पटली होती. साहेबांचा मेहुणा कॅनडात होता, तोही हेच म्हणत होता. तेव्हा साठेखतात एक कलम वाढवू: पुढेमागे गांजाला कायद्याने परवानगी मिळाली, तर होणाऱ्या इमारतीत तळमजल्याचा कोपऱ्यावरचा गाळा या कुटुंबाला, गांजाच्या दुकानासाठी. पाटी कुटुंबाच्या नावाची. चेअरमन दोन ठेवता येतील.

दोन म्हटल्यावर बाप-लेकांनी एकमेकांकडे बघितलं. संजयने अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, आणि गांजाला आपला विरोध कायम आहे असं पुन्हा एकदा सांगून सही केली. संजयने केली. कल्याणी काहीतरी बोलायला गेली, पण अभ्यास व्हायला हवा म्हणणारीला अभ्यास झाल्यावर काय बोलता येतं? समाधानच्या पुढे कागद आला तेव्हा त्याने पेन घेतलं आणि आईच्या पुढे ठेवलं. "आधी आई."

शालनने चष्मा लावला. जी फांदी धरून ती सकाळपासून लोंबकळत होती, तीच फांदी श्रीधरने कापून तिच्या हातात दिली होती. आता फायद्याचं दुसरं काही पुढे ठेवायला तिच्याकडे उरलं नव्हतं.

"मी करत न्हाई सही," ती म्हणाली.

का म्हणून संजयने विचारलं. गाळा मिळतोय, पाटी मिळतेय, काकी, तुम्हीच तर सकाळपासून गांजाच्या बाजूने होतात.

बाबुराव पुढे झुकले. इतक्या वर्षांत त्यांनी शेकडो भांडणं मिटवली होती ती एकाच रीतीनं: माळकऱ्यानं माळेला हात लावून बोलायचं, आणि जे बोललं जाईल त्यावर पुन्हा कुणी, अध्यक्षानंसुद्धा, वाद घालायचा नाही. गावात ही रीत त्यांनीच घालून दिली होती. त्यांना खात्री होती की ही बाई माळ धरून गांजा मागूच शकणार नाही.

"माळंला हात लाव शालन," ते म्हणाले, "आणि बोल. तुला शेत गांजासाठी पायजे?"

शालनने डोक्यावरचा पदर सारखा केला. गळ्यातल्या माळेचे मणी अंगठ्याखाली धरले. आवाज बाजारात भाव सांगावा तसा आला.

"न्हाई, अण्णा. गांजाचं तोंड बी बघायचं न्हाई मला. सकाळधरनं खोटं बोलले. मला तिथं मेथी करायची हाय. फायदा काय न्हाई त्यात. मला बरं वाटतं तिथं, येवढंच. मी हाय तोवर सही देणार न्हाई."

वर गच्चीच्या टाकीत टँकरचं पाणी पडायला लागलं. बाबुरावांनी वाद घालायला बोट वर केलं, आणि आपलीच रीत आठवून ते माळेवर टेकवलं. स्वतःच बांधलेल्या दावणीला माणूस असा बांधला जाताना सोनूने पहिल्यांदाच पाहिला.

समाधानने कोऱ्या रकान्यासकट साठेखत श्रीधरच्या हातात दिलं. श्रीधरने ते नीट फाइलमध्ये ठेवलं.

"म्हणजे गांजा नाही, शेत नाही, गाळा नाही," तो म्हणाला. "पाणी तरी मिळेल का?"

कल्याणीने आणून दिलं. तांब्यातून, आणि काकींकडे बघत.

*

उन्हं उतरली तशी शालन शेतात गेली. निघताना हॉलमधून संजयचा आवाज येत होता. समजा, तो सोनूला म्हणत होता, नुसतं समजा, मावळात भाड्यानं शेत घेतलं. आणि सोनू त्याला ओडिशाचा भांगेचा कायदा वाचून दाखवत होती.

तिने मोटर चालू केली. दोन्ही बाजूंच्या काचांत तिचं शेत उलटसुलट दिसत होतं, त्यामुळे संध्याकाळी ते सव्वा एकरापेक्षा बरंच मोठं वाटे. तिने पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यात वळवलं आणि वाकून माती सारू लागली. आता घरात पुढे काय, समाधानला फ्लॅट लागेल तेव्हा काय, कल्याणी किती दिवस तांब्या भरून देईल, हे सगळं तिच्या डोक्यात होतंच. पण पाणी वाफ्यात शिरलं की तेवढा वेळ तरी पाण्याकडेच बघावं लागतं.

मागे गाडी थांबली. बाबुराव उतरले, चपला हातात घेऊन बांधावरून चालत आले. भांडणार असतील म्हणून शालन सरळ उभी राहिली. पण त्यांनी शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेनं मोजलं. मग इकडेतिकडे कुणी नाही याची खात्री करून त्यांनी विचारलं.

"शालन, सव्वा एकरात रोपं किती बसली असती गं?"

"कशाची, अण्णा?"

"काय न्हाई. आसंच इचारलं."

शालनने त्यांच्या पायांकडे बघितलं.

"आधी वाफ्यातनं पाय काढा," ती म्हणाली. "मेथी हाय ती."